खिळे घासणारा मुलगा : निर्णयसागरचे जावजी दादाजी



आपल्या वार्तापत्रात आम्ही नेहमी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र देतो. संत झाले, राजे झाले, क्रांतिवीर आणि समाजसुधारक झाले. या वेळी ज्यांची ओळख करून देत आहोत, त्यांचा पुतळा आपण कोठे पाहिलेला नसेल. पण त्यांच्या हाताखालून गेलेली पुस्तके आपल्या आजोबा-पणजोबांच्या देवघरात आणि कपाटात नक्की असतील. त्यांचे नाव जावजी दादाजी चौधरी. मुंबईच्या प्रसिद्ध निर्णयसागर छापखान्याचे ते संस्थापक.

हेच नाव का निवडले, याचे कारण आधी सांगितले पाहिजे, कारण त्यात आमची एक चूक आहे.

गेल्या बक्षीस समारंभाची प्रमाणपत्रे आम्ही बाहेरून छापून आणली. कागद चांगला होता, रंग चांगले होते. आम्ही सर्वांवर सह्या केल्या. समारंभानंतर सातवीतील एक विद्यार्थिनी आपले प्रमाणपत्र घेऊन आमच्या खोलीत आली आणि तिने विचारले की हा शब्द कसा वाचायचा. तिला तिसऱ्या क्रमांकाचे बक्षीस मिळाले होते, पण कागदावर छापले होते 'तिसर्या'. र वर चढून बसला होता. खाली गावाचे नाव होते, त्यातही तोच प्रकार. 'बऱ्हाणपूर' ऐवजी 'बर्हाणपुर'. म्हणजे आपल्या मराठी शाळेच्या कागदावर आपल्याच गावाचे नाव आपल्याला वाचता येणार नाही असे छापले गेले, आणि त्याखाली आमची सही होती.

छापणाऱ्याला दोष देणे सोपे होते. पण प्रूफ आमच्याकडे आले होते आणि आम्ही ते पाहून परत पाठवले होते. आमचे सर्व शिक्षण हिंदी माध्यमात झाले. हिंदीत हा र नाही, म्हणून आमची नजर त्यावरून घसरली. सातवीतल्या मुलीची घसरली नाही. त्या दिवसापासून आम्ही या एका अक्षराच्या मागे लागलो आणि शोधता शोधता जावजी दादाजींपर्यंत पोचलो.

दोन रुपये महिना

जावजींचा जन्म 1839 साली मुंबईत एका गरीब कुटुंबात झाला. घरची परिस्थिती अशी की शाळेत फार दिवस जाणे शक्य नव्हते. साधारण दहाव्या वर्षी, म्हणजे आज आपली मुले चौथी-पाचवीत असतात त्या वयात, ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. काम होते खिळे घासण्याचे आणि पगार दोन रुपये महिना.

खिळा म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागेल. संगणक येण्यापूर्वी प्रत्येक अक्षर शिशाच्या एका छोट्या दांडीच्या टोकावर उलटे कोरलेले असे. त्या दांडीला खिळा म्हणत, इंग्रजीत टाइप. आधी पोलादाच्या तुकड्यावर अक्षर हाताने उलटे कोरायचे, तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करायचा, त्या साच्याला मातृका म्हणत. मग शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला रस साच्यात ओतला की खिळा तयार. असे हजारो खिळे पाडायचे. पण साच्यातून निघालेल्या खिळ्याला कडेला धातूचे कंगोरे राहतात. ते दगडावर घासून गुळगुळीत करावे लागत. लहान मुलांकडे हे काम असे.

काम क्षुल्लक वाटते, पण देवनागरीत ते फार नाजूक आहे. इंग्रजी अक्षरे एकमेकांपासून सुटी उभी असतात. खिळा केसभर कमी-जास्त घासला गेला तरी वाचणाऱ्याला कळत नाही. आपल्या अक्षरांच्या डोक्यावर मात्र शिरोरेघ असते. एका खिळ्याची रेघ शेजारच्या खिळ्याच्या रेघेला तंतोतंत भिडली पाहिजे. कमी घासला तर फट दिसते, जास्त घासला तर पायरी पडते. दहा वर्षांचा जावजी दिवसभर हेच पाहत होता. शाळेत अक्षरे गिरवण्याच्या वयात त्याने अक्षरे बोटांनी चाचपली, आणि तीही उलटी.

त्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम हे खिळे तयार करण्याच्या कामातले जाणकार होते. त्यांच्या देखरेखीखाली जावजी नुसते घासण्यावर थांबले नाहीत. ओतकाम, साचे, अक्षराचे वळण, सारे पाहून पाहून शिकले. पुढे त्यांनी टाइम्स, इंदुप्रकाश आणि ओरिएंटल अशा मुंबईतील छापखान्यांत नोकऱ्या केल्या. मालक बदलले, पण हातातले काम एकच राहिले आणि ते वर्षावर्षाला पक्के होत गेले.

1864 साली, वयाच्या पंचविशीत, त्यांनी खिळे पाडण्याचा स्वतःचा कारखाना काढला. या कामात त्यांना राणोजी रावजी आरू यांची साथ मिळाली. राणोजी अक्षरे कोरण्यात अतिशय कुशल होते. एकाला धातूची आणि धंद्याची जाण, दुसऱ्याला वळणाची. त्यांच्या खिळ्यांची कीर्ती झाली. पाच वर्षांनी, 1869 साली, त्यांनी निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्याच नावाचे पंचांग घरोघर पोचले. पंचांगात एक आकडा चुकला तर गावाची एकादशी चुकते. तेव्हा हा छापखाना पहिल्यापासूनच अचूकपणाच्या परीक्षेला बसला होता असे म्हटले तरी चालेल.

दुसऱ्याच वर्षी, 1870 साली, आपल्या गावावरून जाणारा मुंबई-जबलपूर रेल्वेमार्ग पूर्ण झाला. मुंबईचे पुस्तक बऱ्हाणपूरला पोचणे त्यामुळे किती सोपे झाले, हे वेगळे सांगायला नको.

पेटीत जे नाही, ते पुस्तकात येत नाही

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. छापखान्याचा आणि शुद्धलेखनाचा संबंध काय?

छापखान्यात जुळारी उभा राहून काम करी. त्याच्यासमोर खणाखणांची पेटी असे. प्रत्येक खणात एका अक्षराचे खिळे. लेखकाची वही पाहून तो एकेक खिळा उचलून ओळ जुळवत जाई. इंग्रजीला सव्वीस अक्षरे, मोठी आणि लहान, वर अंक आणि चिन्हे, की पेटी पुरी झाली. देवनागरीला स्वर, व्यंजने, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, काना-मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, अनुस्वार आणि या सर्वांच्या मिळून होणाऱ्या जोड्या लागत. खण शेकड्यांनी मोजावे लागत. एका पद्धतीत तर मात्रा वरच्या थरात, अक्षर मधल्या थरात आणि उकार खालच्या थरात असे तीन थर वेगवेगळे जुळवावे लागत. एका ओळीसाठी तीन ओळींचे कष्ट.

अशा वेळी जुळाऱ्याच्या पेटीत जे अक्षर नाही, ते पुस्तकात येऊ शकत नाही. तो जवळचे दुसरे अक्षर लावतो. एकदा लावले की ती चूक दिसते, शंभरदा लावले की सवय होते, आणि हजार पुस्तकांत तसेच छापले गेले की पुढची पिढी त्यालाच शुद्ध म्हणते. शुद्धलेखनाचे नियम व्याकरणकार करतात हे खरे आहे, पण त्या नियमांवर जुळाऱ्याच्या पेटीचाही हात फिरलेला असतो.

ही गोष्ट आपल्याकडेच घडली असे नाही. इंग्रजी, जर्मन, डॅनिश या एका कुळातल्या भाषा आहेत. जुन्या इंग्रजीत 'थ' साठी थॉर्न नावाचे एक स्वतंत्र अक्षर होते. 1476 साली विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये पहिला छापखाना घातला, पण मुद्रणाची विद्या आणि खिळे युरोप खंडातून आले होते आणि तिकडच्या पेट्यांत थॉर्न नव्हते. मुद्रकांनी दिसायला जवळचे म्हणून वाय हे अक्षर लावले. हळूहळू थॉर्न नाहीसेच झाले आणि टी-एच ही जोडी कायम झाली. आजही जुनेपणाचा आव आणणाऱ्या इंग्रजी दुकानांच्या पाट्यांवर 'द' च्या जागी वायने सुरू होणारा शब्द दिसतो, तो त्या रिकाम्या खणाचा अवशेष आहे.

जर्मन लोकांचे उलट झाले. त्यांच्याकडे एस्झेट नावाचे जोडअक्षर आहे. जर्मनीने ते आजवर सोडले नाही, स्वित्झर्लंडने मात्र ते वापरणे बंद केले. त्याचे मोठे रूप नव्हते, म्हणून पूर्ण शब्द मोठ्या अक्षरांत लिहिताना दोन एस लावावे लागत. शेवटी 2017 साली त्या मोठ्या रूपालाही अधिकृत मान्यता मिळाली. स्वरांवरच्या दोन ठिपक्यांचा खिळा नसला तर जर्मन मुद्रक त्या स्वरापुढे ई लावून भागवतात. एकाच भाषेचे लोक, पण पेटी वेगळी की लेखन वेगळे.

मोडीतून बालबोधीत

मराठीत तर छपाईमुळे शुद्धलेखनाचा प्रश्नच नव्याने उभा राहिला. पूर्वी आपले हिशेब, पत्रे, दस्तऐवज मोडीत लिहिले जात. मोडीत इकार आणि उकार यांचे ऱ्हस्व-दीर्घ असे दोन भेद सहसा पाळले जात नसत. एकाच खुणेवर काम भागे. छपाईसाठी मात्र देवनागरी, म्हणजे बालबोध लिपी रूढ झाली. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण 1805 साली श्रीरामपूरला छापले गेले, ते देवनागरी खिळ्यांत. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी 1831 साली शिळाछापावर पंचांग छापले. बालबोधीत वेलांटी पहिली की दुसरी, हे जुळाऱ्याला प्रत्येक शब्दाला ठरवावे लागे, कारण दोन्हींचे खण वेगळे. हात कोणत्या खणाकडे न्यायचा हे ठरल्याशिवाय ओळ पुढे सरकत नाही. जो भेद मोडीत लिहिणाऱ्या कारकुनाला टाळता येत होता, तो मुद्रकाला टाळता येईना.

त्यातच मेजर कँडी यांच्यासारख्यांच्या प्रयत्नाने स्वल्पविराम, पूर्णविराम ही चिन्हे मराठीत आली. त्यांचेही खण वाढले. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836 साली निघाले होते. म्हणजे जावजी जन्मले तेव्हा मराठीचे व्याकरण नवे होते, छपाई नवी होती आणि दोन्हींचा मेळ बसायचा होता. तो मेळ बसवण्यात ज्यांचे हात लागले, त्यांत या कमी शिकलेल्या माणसाचे स्थान फार वरचे आहे.

निर्णयसागरने काय केले

निर्णयसागरचे वैशिष्ट्य दोन गोष्टींत होते. पहिली म्हणजे अक्षरांची पूर्ण पेटी. संस्कृतचे अवघड जोडाक्षर आले तर ते तोडून हलन्त लावून भागवायचे नाही, त्याचा खिळा पाडायचा. दुसरी म्हणजे प्रूफ वाचायला विद्वान माणसे. जावजी स्वतः पंडित नव्हते, आणि म्हणूनच बहुधा त्यांना पंडितांची किंमत कळत होती. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली 1886 साली त्यांनी 'काव्यमाला' सुरू केली. तीत जुने संस्कृत ग्रंथ एकामागून एक प्रकाशात आले. हस्तलिखितांत अडकलेली काव्ये आणि नाटके सामान्य माणसाला विकत घेता येऊ लागली. देशात आणि परदेशात संस्कृत शिकणाऱ्यांच्या हाती निर्णयसागरच्या प्रती असत.

मराठीसाठीही त्यांनी तेवढेच केले. मोरोपंत, वामन पंडित यांच्यासारख्या कवींची कविता 'काव्यसंग्रह' मालेतून निघाली. आणि बालमित्रांनो, तुमच्यासाठी एक विशेष गोष्ट. 1881 साली विनायक कोंडदेव ओक यांनी 'बालबोध' नावाचे मुलांचे मासिक काढले. ते निर्णयसागरमध्ये छापले जाई. ओकांनी ते 1914 पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरपर्यंत चालवले. ज्याला स्वतःला लहानपणी पुस्तक मिळाले नाही, त्याच्या छापखान्यातून महिन्याच्या महिन्याला मुलांसाठी वाचन बाहेर पडत होते.

निर्णयसागरच्या आणि मुंबईच्या इतर कारखान्यांच्या खिळ्यांचा परिणाम आपल्या रोजच्या डोळ्यांसमोर आहे. काशी-कोलकात्याकडच्या जुन्या पुस्तकांत अ, झ, ण यांची वळणे निराळी असत. तिकडचा जुना ण तर र ला काने जोडल्यासारखा दिसे. आपल्या गावातील वडीलधाऱ्यांनी अशा पोथ्या पाहिल्या असतील. स्वातंत्र्यानंतर हिंदीसाठी देवनागरीचे प्रमाण रूप ठरले, तेव्हा अ, झ आणि ण यांची मुंबईकडची, म्हणजे मराठी वळणे स्वीकारली गेली. आज आपल्या शेजारच्या हिंदी शाळेतील मूल जो अ गिरवते, तो मराठी खिळ्याचा अ आहे. ल आणि श यांची मात्र दोन वळणे राहिली. 2009 साली महाराष्ट्र शासनाने मराठीसाठी ल आणि श यांची परंपरागत मराठी रूपे प्रमाण ठरवली.

यंत्राची सोय आणि भाषेची गरज

पेटी मोठी असणे म्हणजे खर्च आणि वेळ, हेही खरे. म्हणून अनेक थोर माणसांनी ती लहान करण्याचा विचार केला. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी परिश्रम घेतले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी अ ची बाराखडी सुचवली, म्हणजे इ, ई, उ, ऊ ही वेगळी अक्षरे न ठेवता अ लाच वेलांट्या आणि उकार द्यायचे. 1953 साली लखनौच्या परिषदेत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडून उजवीकडे नेण्याची सूचना झाली होती. ती लोकांच्या पचनी पडली नाही आणि मागे घ्यावी लागली.

काही बदल मात्र टिकले. हिंदीत 'गङ्गा' च्या जागी 'गंगा' लिहिण्याचा नियम झाला, त्याचे एक कारण छपाई आणि टंकलेखनाची सोय हेच सांगितले जाते. 'हैं', 'में' या शब्दांवर चंद्रबिंदू हवा, पण डोक्यावर मात्रा असल्याने जागा नाही, म्हणून नुसते टिंब देतात. आपली मुले रोज हे लिहितात, पण कारण त्यांना कोणी सांगत नाही.

मराठीतही असेच झाले. निर्णयसागरची जुनी प्रत उघडून पाहा. 'नाहीं', 'कांहीं', 'घरें', 'त्यांत' अशी टिंबे पानभर दिसतील. त्यांतल्या बहुतेकांचा उच्चार त्या काळीही होत नव्हता, ती व्युत्पत्तीची आठवण होती. साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनी ही न उच्चारली जाणारी टिंबे काढली. निर्णय उच्चाराच्या आधारावर झाला, पण त्यामुळे जुळाऱ्याची पेटीही हलकी झाली. याच नियमांत आपल्या गावाशी संबंधित एक नियम आहे. गावाच्या नावातील 'पूर' दीर्घ लिहायचे. म्हणून हिंदीत बुरहानपुर आणि बहादरपुर, तर मराठीत बऱ्हाणपूर आणि बहादरपूर. दोन्ही आपापल्या भाषेत शुद्ध आहेत. चूक कोणती? एका भाषेच्या कागदावर दुसऱ्या भाषेचा खण उघडणे.

आता प्रश्न असा की कोणते अक्षर सोडावे आणि कोणते सांभाळावे? आम्हाला यावर एक साधी कसोटी सुचते. टिंब गेल्याने 'नाहीं' चा अर्थ बदलला नाही. पण 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या खोल जागा आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. 'आचाऱ्यांना' बोलावले तर स्वयंपाक होईल, 'आचार्यांना' बोलावले तर प्रवचन होईल. रफारात मागच्या अक्षरावर आघात येतो, या अर्ध्या र मध्ये येत नाही. कुऱ्हाड, गिऱ्हाईक, वऱ्हाड, तऱ्हा, वाऱ्यावर, साऱ्यांना, हे सारे शब्द त्या एका खिळ्यावर उभे आहेत. तसेच ळ चे. ळ चा खण नसला की काळे आडनावाचे काले होतात आणि 'वेळ' ची 'वेल' होते. जे काढल्याने अर्थ आणि उच्चार दोन्ही बिघडतात, ते अक्षर सोयीसाठी सोडता येत नाही.

मराठी छापखान्याच्या पेटीत या अर्ध्या र चा खण असे. हिंदीची पेटी हिंदीसाठी भरलेली, तिच्यात तो असण्याचे कारण नव्हते. आज खिळे राहिले नाहीत, ऑफसेट आणि संगणक आले. पण पेटी नाहीशी झाली असे समजू नका. ती आता कळफलकात आणि मोबाइलमध्ये आहे. संगणकाच्या अक्षरसंचात ऱ साठी स्वतंत्र जागा आहे, त्यामुळे अक्षर उपलब्ध नाही अशी सबब आता चालणार नाही. मात्र हिंदीचा कळफलक लावून मराठी लिहायला बसलो की ते चटकन सापडत नाही आणि आपण जवळचे काहीतरी लावून मोकळे होतो. जुळाऱ्याने नाइलाजाने केले, ते आपण आळसाने करतो.

अखेर आणि मागे राहिलेले

जावजींना दीर्घ आयुष्य मिळाले नाही. 1892 साली, वयाच्या सुमारे त्रेपन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. 'काव्यमाला' सुरू होऊन तेव्हा सहाच वर्षे झाली होती. त्यांचे चिरंजीव तुकाराम जावजी यांनी काम पुढे नेले. त्यांच्या काळातल्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर मालक म्हणून तुकारामांचे नाव असले, तरी छापखाना जावजी दादाजींचा म्हणूनच नोंदलेला दिसतो. पुढे वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर यांच्यासारख्या पंडितांनी निर्णयसागरसाठी अनेक ग्रंथ संपादित केले. विसाव्या शतकात काळ बदलला, यंत्रे बदलली आणि तो जुना कारखाना राहिला नाही. पण त्याच्या पुस्तकांची छायाप्रत आजही निघते आणि अभ्यासकांच्या टेबलावर असते.

जावजींच्या आयुष्यातून मुलांनी काय घ्यावे? गरिबीतून वर आले, कष्ट केले, हे तर आहेच, आणि ते आपण प्रत्येक चरित्रात सांगतो. आम्हाला त्यांच्यात आणखी एक गोष्ट दिसते. लहान काम लहान समजायचे नाही. खिळा घासणाऱ्या मुलाच्या हातात शिरोरेघ होती. ती जुळली तर पान सुंदर, नाही तर सारे ज्ञान तुटक. आज प्रूफ वाचणे हे असेच लहान काम समजले जाते. आम्हीही तसेच समजलो आणि त्याचा परिणाम एका विद्यार्थिनीच्या प्रमाणपत्रावर झाला.

आपले पूर्वज कोणी पेशव्यांच्या काळात, कोणी त्यानंतर खानदेश-वऱ्हाडातून येथे आले. आपण पिढ्यान्‌पिढ्या हिंदी भाषकांच्या शेजारी प्रेमाने राहतो, हिंदीत शिकतो, हिंदीत व्यवहार करतो. हिंदीने आम्हाला विद्या दिली, पोट भरण्याचे साधन दिले, तिच्याविषयी आमच्या मनात कृतज्ञताच आहे. पण म्हणूनच येथे मराठी लिहिताना दुप्पट सावध राहावे लागते. पुण्यात किंवा नाशिकला एखादे अक्षर चुकले तर दुसऱ्या दहा पाट्यांवर ते बरोबर सापडेल. आपल्याकडे शाळेचा कागद चुकला तर मुलांनी बरोबर रूप कोठे पाहायचे?

म्हणून विश्वस्त मंडळींपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवत आहोत. पहिली, गेल्या वर्षीची सर्व प्रमाणपत्रे शुद्ध रूपात पुन्हा छापून द्यावीत. खर्च होईल, पण चूक आमच्या सहीची आहे, त्यामुळे त्या खर्चातील आमचा वाटा आम्ही स्वतः देऊ. दुसरी, शाळेचा नवा फलक रंगवताना मराठी ओळीत 'बऱ्हाणपूर' आणि 'बहादरपूर', हिंदी ओळीत 'बुरहानपुर' आणि 'बहादरपुर' असे दोन्ही आपापल्या जागी नीट लिहावेत. तिसरी, यापुढे शाळेचा कोणताही मराठी कागद छपाईला जाण्यापूर्वी सातवी-आठवीच्या चार विद्यार्थ्यांनी तो मोठ्याने वाचावा आणि त्यांच्या सह्या झाल्यावरच आमची सही व्हावी.

पालकांना एक विनंती आहे. घरात जुनी निर्णयसागरची पोथी, पंचांग किंवा पुस्तक असेल तर रद्दीत घालू नका. एक दिवसासाठी शाळेत आणून द्या. मुलांना शिरोरेघ भिंगातून पाहू द्या. कोठे खिळे भिडले आहेत आणि कोठे केसभर फट राहिली आहे, हे त्यांना स्वतः शोधू द्या.

त्या विद्यार्थिनीचे आम्ही वर्गात जाऊन आभार मानले आहेत. प्रस्तुत लेखाचे पहिले प्रूफही तिनेच वाचले आहे. तिने दोन चुका काढल्या. दोन्ही आमच्याच होत्या.

— प्राचार्य